चि. पिंटू, वय वर्षे पाच

हॉलच्या वहीत कारण लिहावं लागायचं.
म्हणून दर डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी,
गिरगावात, छापखान्याच्या वर,
चि. पिंटूचा वाढदिवस.
पिंटू नव्हताच.
आणि तो दर वर्षी पाचच वर्षांचा व्हायचा,
कारण पाकिटात मेणबत्त्या पाच येतात,
असं आमचा खजिनदार मोरेश्वर म्हणायचा.

खिडक्या लावल्या, की ग्रेशियन टिकल्या वाटायचा.
श्रीरंग, दिवसभर विम्याच्या पॉलिसी विकणारा,
कुणी किती जगेल याचं कोष्टक तोंडपाठ असलेला,
आईची अंजिरी साडी नेसून अशी गिरकी घ्यायचा
की खालची यंत्रंसुद्धा थांबल्यासारखी वाटायची.

त्या वर्षी तो नव्हता.
वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होता.
ताट काठीनं सरकवायचे त्याच्याकडे.
भाऊ लोकांना सांगायचा, टीबी.
श्रीरंगनं मला एवढंच विचारलं:
हॉल घेतलाय ना?

चाळीसातले अकरा आलो.
मोरेश्वरनं अकरा चमचे आणले होते, मोजून.
आधी आम्ही एकाच ताटात जेवायचो.
कुणी काही बोललं नाही,
ज्यानं त्यानं आपापला चमचा उचलला.
तेवढ्यात दार वाजलं.
टिकल्या पटापट तळहातावर.

हॉलचे व्यवस्थापक, सामंत. हातात पत्र्याची मोटार, किल्लीची.
'इतकी वर्षं ऐकतोय. मुलगा कुठाय?'
आजारी आहे, ग्रेशियन म्हणाला.
सामंत बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले.
एकाच्या कपाळावर टिकली राहून गेली होती.
'मग त्याला नेऊन द्या,' म्हणाले,
'आणि उद्या सकाळी चावी दिलीत तरी चालेल.'

श्रीरंगनं किल्ली दिली.
चादरीच्या घड्या चढत मोटार गुडघ्यापर्यंत गेली,
तिथून खाली पडली.
वॉर्डबॉयनं उचलली. हातानं.
पुसून परत खाटेवर ठेवली.

संक्रांतीच्या आत सगळं आटोपलं.
आम्हाला स्मशानाची वेळ चुकीची सांगितली होती.

पुढच्या डिसेंबरात वही माझ्यापुढे आली.
चि. पिंटू, लिहिलं. वय वर्षे सहा.
बेकरीवाला सुटी मेणबत्ती देईना.
मोरेश्वरनं मुकाट्यानं दुसरं पाकीट घेतलं,
हिशेबात मांडलं नाही.

उरलेल्या चार
माझ्या खणात आहेत.