होम आवृत्ती

विंडो उघडते. आत तीनच पर्याय:
रंगीत, करडं, काळं-पांढरं.
तात्या चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"बस? एवढंच?"
एवढंच, तात्या.

जेल रोडच्या दोन खोल्यांत
प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस बसलाय.
आडनाव पगार, आणि पगार थांबून अठरा वर्षं झाली.
बत्तीस वर्षं त्यांनी नुसतं पाहिलं,
शीटमागून शीट,
शाई कुठे फुटली, रेघ कुठे केसभर सरकली,
लाल पेन्सिलीची फुली, की शीट रद्द.
तिथलं काही घरी आणायची सोय नव्हती,
गेटवर खिसे उलटे करून दाखवावे लागत.
झडतीत सापडली नाही ती नजर तेवढी घरी आली.

ती आता स्कॅनरच्या काचेवर.

पेन्शनच्या कचेरीला आईचं नाव नीट करून हवंय.
सर्व्हिस बुकात सुलोचना, आधारवर सुलोचनाबाई.
एकूण चौदा पानं, आणि दोघांचा एकत्र फोटो.
"फॅक्सनेच पाठवावे," पत्रात खाली, अधोरेखित.

एक पान ठेवायचं, झाकण लावायचं,
उजेडाची पट्टी कण्हत सरकते,
पान उचलायचं, दुसरं ठेवायचं.
चौदा पानांची चौदा चित्रं झाली,
सुटी सुटी.
एकत्र बांधायची सोय यात नाही, मी म्हणते.
आई वाटाणे सोलता सोलता आतून:
"माझ्याकडं दाभण आहे."

फोटो वणीच्या गडावरचा,
पायऱ्यांपाशी, स्टुडिओवाल्याने घाई करून काढलेला.
मी चुकून करडं दाबलं,
आईची डाळिंबी साडी राखेसारखी आली.
परत केला. तात्यांनी स्क्रीनला नाक लावलं.
"तिच्या कानाजवळ रेघ आहे."
धूळ असेल.
"रद्द."
काच पुसली. परत.
"आहे अजून."
काचेलाच चरा होता.
पन्नाशी गाठलेली मी शाळेतल्यासारखी उभी,
आणि ते लाल पेन्सिल शोधताहेत टेबलावर.

मग फॅक्सचं बटण.
या आवृत्तीत ही सुविधा उपलब्ध नाही.
तशीही भिंतीतली वायर कधीच मेली आहे,
फोनच्या खिळ्यावर कालनिर्णय लटकतंय.

"कुठली आवृत्ती?"
होम.
"होम म्हणजे घरच ना?"
घरच.
"मग घराला कमी का दिलं?"
ऑफिसच्या आवृत्तीत जास्त असतं, तात्या. तिचे पैसे जास्त.
ते गप्प बसले.
शेवटच्या दिवशी पास गेटवर जमा करून
घरी चालत आले होते, तेव्हाही असेच.

शेवटी बिटको चौक. अन्सारभाईंचं झेरॉक्स.
फॅक्स मशीनवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गोंदाची बाटली.
"एका कोर्टाच्या वकिलासाठी लाइन चालू ठेवलीये," ते म्हणाले,
"नाहीतर कोण विचारतं."
नंबर फिरवला. पलीकडून शीळ, खरखर,
दोन म्हातारे लांबून एकमेकांना ओळखताहेत तशी.
तात्या मान तिरकी करून ऐकत होते.
चौदा पानं. दर पानाला, "गेलं?"
गेलं, चाचा.
चरा पलीकडे दिसला की नाही, कोण जाणे.

पोच म्हणून बोटभर चिठ्ठी निघाली,
तारीख, वेळ, ओके.
तात्यांनी ती घडी न घालता पाकिटात ठेवली.

दसऱ्यापर्यंत उत्तर नाही.
परवा चिठ्ठी काढून बघितली तर कोरी.
असला कागद उडतोच, मी सांगितलं,
उन्हानं, खिशातल्या उबेनंसुद्धा.

त्यांनी ऐकलं नसावं.
खिडकीशी गेले, चिठ्ठी दोन बोटांत ताणून
उजेडासमोर धरली,
आणि एक डोळा मिटून
बराच वेळ
आतला वॉटरमार्क शोधत राहिले.