छत्तीसचा आकडा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
पहाटे सव्वाचारला मी टॅब उघडते
आणि धोंडिबा ढेबे, मुकादम,
तर्जनी शर्टाला पुसून पुढे करतात.

तेवीस नावं. प्रत्येक नावापुढे चौकोन.
गडी आला की टिचकी,
गाडी खाली झाली की टिचकी,
वाराई हातात पडली की टिचकी.
चौकोन तिळाएवढे.
आणि बोट, काय सांगू,
चाळीस वर्षं गोणीचे कान धरून
त्याची खुंटी झालेली.
बबन येरुणकरला हजर करायला जावं
तर खालचा दिनकर हजर होतो,
आणि दिनकर तर पाटणला, पत्रे बदलायला गेलेला.

पहिल्या दिवशी मी माऊसने चौकोनाचा कोपरा धरून ओढला.
भोवतीची चौकट वाढली. चौकोन तेवढाच.
कोपरखैरण्याला आमच्या सिडकोच्या खोलीचं असंच झालं :
बाबांनी पुढून ग्रिल काढली, मागून ग्रिल काढली,
झोपायची जागा होती तेवढीच राहिली.

मग झूम केलं.
सगळंच फुगलं, माणसं आडनावाशिवाय उरली.

तिसऱ्या दिवशी हिशेब ऑनलाइन शीटवर नेला
तेव्हा कळलं, तिथे चौकोन हेही एक अक्षरच.
अक्षर वाढवा, तो वाढतो.
दहा. अठरा. चोवीस.
"अजून," मुकादम म्हणाले.
छत्तीस.

छत्तीसला तो फरशीच्या तुकड्याएवढा झाला.
तीन आणि सहा, जन्माचे पाठीला पाठ लावून बसलेले,
त्यांनीच शेवटी बोटाचं आणि चौकोनाचं जमवून दिलं.
मुकादमांनी कमरेचा लोखंडी आकडा चाचपला.
"ह्येचं बी तसंच असतंय. बारका आसला की गोणी फाटती."

काचेला त्यांचं बोट अजून चटकन कळत नाही.
रेशनच्या यंत्रालाही कळत नाही.
मग चहाच्या ग्लासाचा ओलावा लावायचा,
नि पुन्हा.

एकदा धांदलीत माझ्या हातून चौकोनच उडाले
आणि पोटातली अक्षरं उघडी पडली,
छत्तीसच्या मापाची, पार गाळ्याच्या दारातून दिसतील अशी :
फॉल्स. फॉल्स. ट्रू. फॉल्स.
"काय लिवलंय?"
मी सांगितलं. खोटा. खोटा. खरा. खोटा.

मुकादम जरा वेळ गप्प.
मग नावांवरून बोट फिरवत :
"गणपा नेरूळच्या दवाखान्यात हाय, सलाईन लावलंय. खोटा कसा?
दिनकर सांगून गेलाय.
लक्षुमन पायरीवर बसून हाय, मंचरची गाडीच न्हाई आली,
त्यात त्यानं काय करावं?"

मला उत्तर आलं नाही. मी ट्रूवाल्याचं नाव बघत राहिले.

त्या दुपारी बाजार निवल्यावर
कांद्याची सालं पंख्याखाली उडत असताना सापडलं,
की चौकोनाच्या पोटात आपले शब्द भरता येतात.
टिचकी पडली तर : आला.
नाही पडली तर,
इथे मी बराच वेळ कर्सर लुकलुकत ठेवला,
गैरहजर लिहिलं, खोडलं,
यायचाय.

शेठना कळलं ते प्रिंट काढताना.
एका पानाची पाच पानं.
"चौकोन आहेत का खिडक्या, बाई?"
म्हणून आता दोन शीट आहेत.
शेठची दहाच्या फॉन्टची, एका पानात मावणारी.
आणि मुकादमांची.
इकडे टिचकी पडली की तिकडे आपोआप पडते.
शब्द मात्र मी तिकडे नेले नाहीत.

गणपाचं नाव तिसऱ्या पडद्यावर येतं.
मुकादम बोट तिथवर नेतात,
टेकवत नाहीत,
पुढच्यावर जातात.

चार चाळीस. मंचरची लागली. लक्षुमन, ऊठ.