सूत

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, गाळा नंबर बासष्ट.
वर पत्रा, खाली लेथ, मधे मी:
राजमौळी इराबत्ती, टर्नर, वय चौपन्न.
बाप सुतावर जगला, मीही सुतावरच.
त्याचं कापसाचं होतं,
माझं इंचाचा आठवा भाग.
आता तेही जाड झालं. आता मायक्रॉन.

यंदा दोन गिऱ्हाइकं आली, दोन्ही आभाळाची.

पहिलं सरकारी.
ऑर्डर त्रेचाळीस पानी, पानापानावर शिक्का.
मागोमाग तपासनीस, खिशाला दोन पेनं.
कडक भाकरी पुढं केली तर मोडून बघितली,
कडा बघितल्या, मग खाल्ली.
एकशेवीस बुशिंगांतली सतरा बाजूला काढली
आणि स्वतःच्या हातानं त्यांना लाल रंग लावला,
हळू,
लेकराच्या गुडघ्याला औषध लावावं तसा.
बिल निघालं अकराव्या महिन्यात.
तोवर हत्तरकी मालकानं बुलेट विकली होती
आणि शिक्क्यांना शिव्या घालायचंही सोडलं होतं.

दुसरं खासगी.
एक पोरगा आला, पोरगाच, धड मिशी नाही,
ड्रॉइंग मोबाइलवर.
रात्री साडेअकराला मेसेज: काका, भोक जरा मोठं करा.
पहाटे: नको, आधीचंच बरं होतं.
पैसे मात्र आठव्या दिवशी, पुरे.
जाताना तीन किलो शेंगाचटणी नेली आणि म्हणाला,
"काका, फुटलं तरी चालतंय. फुटल्यावरच कळतं."
हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.
माझ्या उस्तादानं कान उपटून हातात दिला असता.

मग त्याचं लक्ष खिडकीतल्या लाल सतरांवर गेलं.
"हे टेस्टिंगला चालतील की. अर्ध्या किमतीत?"
मालक माझ्याकडं बघायला लागला.
मी म्हटलं, लाल ते लाल.
का म्हटलं, अजून सांगता येत नाही.

आमच्या गावाला हे नवं नाही बे.
गिरणी होती तेव्हा भोंगा होता.
भोंग्यावर चूल पेटायची, शाळा सुटायची,
ज्यांचं कुणी गिरणीत नव्हतं
तेही घड्याळ लावून घ्यायचे.
मग गिरणी बसली, माग घराघरात शिरले,
मोरीशेजारी, माडीवर, खाटेला खेटून.
चादर काही थांबली नाही. उलट वाढली.
फक्त किती वाजले
हे विचारायचं कुणाला, कळेना.

बाप मात्र भोंग्यासाठी रडला नाही.
म्हणायचा, पाच मिनिटं उशीर झाला की फाटक बंद,
अर्धी हजेरी गेली.
आणि गिरणी तरी कुठं सरकारची होती रे?
शेठचीच होती.
आपली वाटायची, एवढंच.

सरकारी यान गेलं त्या दिवशी
गल्लीत टीव्ही बाहेर आला.
शेजारच्या पोचम्मानं हातातली विडी अर्धी वळलेली तशीच धरली,
दहापासून शून्यापर्यंत.
तिच्या हिशेबात दहा आकडे म्हणजे एक विडी.
"गेलं आपलं," म्हणाली, आणि पुन्हा वळायला लागली.

खासगीचं आम्ही तिघांनी फोनवर बघितलं.
चित्र अडकत होतं.
सत्तराव्या सेकंदाला ते कलंडलं, पेटलं,
आणि तिकडं त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या!
मालकानं फोन उलटा करून बघितला.
रात्री पोराचा मेसेज:
"काका, तुमचं बुशिंग शेवटपर्यंत टिकलं.
बाकी सगळं आधी गेलं."
मी दोनदा वाचला.
बायकोला दाखवला. ती म्हणाली, मग हसताय कशाला?

लाल सतरांतली सोळा भंगारात गेली.
एक पोचम्मानं मागून नेलं.
दुपारी पंखा फिरतो,
सुपातली पानं उठू बघतात,
ती त्यांच्यावर ते ठेवते.