घट

बर्फाच्या कारखान्यात माझ्या वहीला एक रकाना आहे: घट.
रात्री दोनशे लाद्या निघाल्या,
पहाटे बोटींवर चढल्या एकशे ब्याऐंशी.
मधल्या अठरा कुणी चोरल्या नाहीत,
आनंदवाडीच्या उतारावरून
त्या वाहत वाहत खाडीला मिळाल्या.
मी आकडा लिहिते, सही करते.
वीस वर्षांत कुणी विचारलं नाही,
कोयंडेबाई, ते पाणी परत कधी येणार?

त्या फेब्रुवारीत मात्र मीच विचारत होते
मोबाइल धरून, जेटीच्या टोकाला,
जिथे रेंज मिळते
आणि सुरमईच्या रक्ताने चपला चिकटतात.
ट्रॉलरमधली तुझी पाती विकून आलेले नऊ लाख
सहा आठवड्यांत पाच चाळीस.

श्रीरंग पुजारेने जामसंड्याहून मेसेज धाडला,
खाली लाटेचं चित्र:
वहिनी, ओहोटीनंतर भरती येतेच.
अरे, भरती कुणाला शिकवतोस?
तिथीची पाऊणपट, एवढंच गणित.
अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा.
माझ्या बापाला घड्याळ वाचता येत नव्हतं
तरी त्याची होडी कधी रेतीत बसली नाही.
तुझ्या बाजाराची तिथी सांग, मग बोल.

तिथी कुणालाच माहीत नव्हती,
टीव्हीवरच्या टायवाल्यांनाही.

एका रात्री तू दुसऱ्याच्या बोटीवर इंजिन सांभाळत होतास,
सिद्धी अभ्यासावरच झोपलेली,
आणि मी अर्धं विकलं.
पडलेल्या भावात.
संध्याकाळी उरलेलं पापलेट
सडेल म्हणून मिळेल त्याला देऊन टाकावं, तसं.
शेअर काही सडत नव्हते.
सडत होती माझी झोप.
त्या झोपेची किंमत एक लाख ऐंशी हजार,
हे नंतर कळलं.

चौथ्या दिवशी तुला सांितलं असं म्हणते मी लोकांना,
खरं तर अकराव्या.
तू भाकरी मोडत होतास. मोडतच राहिलास.
मग म्हणालास, 'उरलला आसा मा?
मगे आता तेका हात लावू नको.'
आणि माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवलास,
नेहमी ठेवतोस तिथेच.

शंभरातले चाळीस गेले
की उरलेल्या साठांना पुन्हा शंभर व्हायला
चाळीस टक्के पुरत नाहीत, सदुसष्ट लागतात.
हे मी वहीच्या मागच्या पानावर काढलं,
तीनदा, चुकलं असेल म्हणून.
उतरायला जेवढ्या पायऱ्या
चढायला त्याहून जास्त, असली कसली जेटी?

तीन वर्षं गेली.
गेल्या मंगळवारी राखलेला अर्धा भाग
साडेचारांवर आला, निघाला होता तिथेच.
मी ओरडले नाही.
कॉम्प्रेसरच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसतं.
ठेवीतले तीन सव्वीस धरून सात शहात्तर.
म्हणजे एक चोवीस अजून खाडीत.
शिवाय मधल्या काळात डिझेल चढलं,
नर्सिंगची फी चढली,
ते नऊ लाख आता नऊ लाख तरी कुठे राहिलेत.
तो हिशोब मात्र मी मुद्दाम केलेला नाही.

घरच्या वहीत हे एक चोवीस
मी आजवर 'येणे' या रकान्यात ठेवले होते.
काल खोडले.
शेजारी नवी रेघ ओढली, वर लिहिलं घट,
आणि सही केली, सवयीने, तारखेसकट.
पाच तारखेचे तीन हजार जायचे ते जातीलच.

पावणेपाच.
खालून धुरीचा पोरगा हाक मारतो,
बाई, बारा लाद्ये!
मी आत ओरडते, तेरा सोड.
त्याला वाटतं मी चुकले. नवा आहे.
बांगड्यापर्यंत बारा पोचायच्या
तर इथून तेरा निघाव्या लागतात.