बेदाण्याचे खोके

कुपवाडात, बंद पडलेल्या पॅकिंगच्या कारखान्यामागं
शेडात ताडपत्री अंथरली
आणि तीन पोती पालथी केली.
आधी आवाज. मग वास,
जुन्या ग्रीसचा, थोडा उंदराचा.

खोके तासगावचे, बेदाण्याचे.
गौस शिकलगारनं खडूनं लिहिलं :
इंजिन.
स्टेअरिंग.
कुणास ठाऊक.
दिवस मावळेपर्यंत तिसराच भरला.

इंजिन ओम्नीचं, तीन सिलिंडरचं,
विट्याच्या दूधवाल्यानं अठरा वर्षं पिदडलेलं.
हेड उचललं तर मधल्या सिलिंडरला
नखाला अडकेल एवढा ओरखडा.
घासून भागेल, मी म्हणालो.
रीबोर, गौस म्हणाला.
मग दोघंही नख फिरवत राहिलो,
बोट बदललं की ओरखडा बदलेल म्हणून.

व्हॉल्व्ह सहा. सापडले पाच.
सहावा भूपालच्या सदऱ्याच्या खिशात निघाला.
का ठेवला होता, ते त्याला सांगता येईना.

भूपाल उपाध्ये.
एसटीच्या मिरज डेपोत एकतीस वर्षं.
गाडी मुळात त्याची : चौकटीच्या वहीत काढलेली,
दोन माणसांपुरती, दार नाही, टप नाही,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, "वजन कमी ठेवणे".
गेल्या पर्युषणात त्याचा उजवा हात लुळा पडला
आणि शब्दांनी जागा बदलल्या.
मिठाला साखर म्हणतो. सुनेला मास्तर.
डाव्याला उजवं.

तो खुर्चीतनं बघत होता.
आम्ही स्टेअरिंग जुळवत होतो.
रॅक मारुती एट हंड्रेडचा,
कॉलम पद्मिनीचा, भंगारात किलोवर घेतलेला,
एकाचे दाते दुसऱ्याला ओळख देईनात.
टाय रॉड हलवले तर खुळखुळ्यासारखे वाजले,
ते सरळ तिसऱ्या खोक्यात.
इंजिनाचं चेंबर आडवं येत होतं,
म्हणून रॅक ॲक्सलच्या पुढं घेतला,
नकल इकडचे तिकडं केले,
बोल्ट आवळले, आणि स्वतःच्या हुशारीवर तंबाखू मळली.

"उलटं," भूपाल म्हणाला.
आम्ही हो म्हणालो.
"उलटं हाय ते."
गौसनं त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला.
दुसऱ्या दिवशीही तेच.
आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं,
माणूस हाताबाहेर चालला की बघतात तसं.

तिसऱ्या दिवशी चॅसी ठोकळ्यांवर उभी केली.
तेलाच्या डब्यावर बसून मी स्टेअरिंग धरलं,
डावीकडं फिरवलं.
पुढची दोन्ही चाकं
सावकाश, अजिबात कुरकुर न करता
उजवीकडं वळली.

पुन्हा फिरवलं. पुन्हा तसंच.
शेजारच्या शेडातला ग्राइंडर नेमका तेव्हाच थांबला.

वही काढली.
चित्रात रॅक ॲक्सलच्या मागं होता,
दोनदा गिरवलेला,
आणि इंजिन चार बोटं मागं सरकवलेलं,
ते आम्हाला हात थरथरल्यासारखं वाटलं होतं.
पण चित्र काढलं तेव्हा त्याचा हात शाबूत होता की.

गौस बराच वेळ टोपी हातात घेऊन बसला.
मग म्हणाला, "उस्ताद, चुकलं."
भूपाल हसला, अर्ध्या तोंडानं,
दुसरं अर्धं अजून डेपोतल्यासारखं कडक.

इंजिन मागं घेतलं तर पायाला जागा कमी पडेल.
पडू दे. गुडघे काय, दुमडतात.
आवळलेले सगळे बोल्ट आता परत सोडायचे.
आम्ही गाडीखाली शिरलो,
भूपालनं खुर्ची जवळ ओढून घेतली
आणि डावा हात पुढं केला.

"चमचा," तो म्हणाला.
गौसनं चौदाचा पाना दिला.
"हां. हाच."