खडबडीतपणाचा रकाना

तक्त्यात एक रकाना आहे, जमिनीच्या खडबडीतपणाचा.
पाण्याला जवळजवळ शून्य. गवताला तीन शतांश.
बाभूळबनाला, वस्तीला अर्धा किंवा वर.
सिंहगड रोडच्या दुसऱ्या मजल्यावर बसून
भोरच्या वरचा एक सडा
मी दशांश चिन्हांत भरतो.

सड्यावर सात जुन्या पवनचक्क्या,
एकाच वेगाला धरून बसलेल्या, हट्टी.
वारा जसा येईल तसाच
तारेत ओतून मोकळ्या होणाऱ्या.

उपकेंद्रातून शकूर तांबोळींचा फोन :
"पश्चिमेचा असला की सरळ येतो, साहेब.
कड्यावरनं चढतो, रुमाल टाकला तर परत हातात देतो.
पूर्वेचा सुटला की काटा थयथय नाचतो."
पूर्वेला काय आहे?
"काय असणार. प्लॉटिंग."

गेलो बघायला.
कुसळी गवत होतं तिथं कंपाउंडच्या भिंती,
आत काहीच नाही.
फाटकावर सिमेंटचे दोन सिंह,
सिल्व्हर ओकची रोपं, गुडघ्याएवढी,
दहा वर्षांनी वाऱ्याला आडवी येतील अशी.
पलीकडे वणव्यानं काळं केलेलं रान.
सकाळी त्यावरून वारा गुळगुळीत आला,
दुपारी जमीन तापली
आणि दुधासारखा उतू जाऊ लागला.

शेवटच्या खांबाला इंदू पोकळेंचं घर.
ब्लाउजांना काजं करतात, संध्याकाळी.
"जातही नाही, राहतही नाही," त्या दिव्याकडे न बघता म्हणाल्या,
"पापणी लवते तसा करतो.
घड्याळाच्या एका टिकटिकीत दोनदा. मोजलंय मी."
मी यंत्र लावलं.
पातं खांबासमोरून गेलं की एक झटका,
फेऱ्याला तीन,
सेकंदाला बरोब्बर दोन.
त्या वर वाऱ्याची स्वतःची धुसफुस,
भिंतींनी शिकवलेली.
आलेख कागदावर घेतला तेव्हा
त्यांनी तो उलटा धरून पाहिला
आणि म्हणाल्या, टाका बरा नाही.

परत आलो.
सिंहाला आकडा कुठला द्यायचा?
तक्त्यात ओळच नाही.
शून्य पूर्णांक चार लिहिलं, खोडलं, पुन्हा चारच लिहिलं.
अहवालात शिफारशी : कपॅसिटर, जाड तार,
दोन चक्क्यांना नवे कन्व्हर्टर.
खर्चाचं पान वेगळं.

रात्री आमच्या दोन इमारतींच्या फटीतून
वारा शीळ घालत आला.
अकरा मजले आणि वर पाण्याच्या टाक्या.
कुणाच्या तक्त्यात आम्ही किती असू,
हे मी त्या रात्री पहिल्यांदा विचारलं
आणि खिडकी लावून घेतली.

चार दिवसांनी इंदूताईंचा मेसेज :
कालपासून दिवा शांत आहे. फार उपकार झाले.

मी काहीच केलं नव्हतं.
वारा फिरला होता.
उत्तर टाइप केलं, पुसलं.