वारसाचा रकाना

मुजीबनं कागद पुढं सरकवला,
काका, तिकिटाचं झालं. विमा घ्यायचा का तेवढं सांगा.
दोघांचे मिळून अठराशे बासष्ट.
पाच रात्री. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत.
बोट बुडाली तर, मी विचारलं.
तो हसला. बोट नसती हो बुडत.
माणूस पाय घसरून पडतो,
रात्री छातीत कळ येते,
आणि बोटीवरचा डॉक्टर उधारी ठेवत नसतो.

मी एकतीस वर्षं पाणी मोजलं.
जायकवाडीचा डावा कालवा, पाथरीपासून खाली परभणीपर्यंत,
पट्टीवर किती इंच, दारातून किती सुटलं,
कोणाच्या पाळीला किती तास.
पाणी मोजून दिलं की भांडण थोडं कमी होतं,
नोकरीत एवढंच कळलं.
अठराशे बासष्ट रुपयांत
किती खोलीपर्यंतचा समुद्र येतो,
हे त्या कागदावर कुठं लिहिलेलं नाही.

दोन दिवस कागद फ्रीजवर, साखरेच्या गोळ्यांखाली.
सत्यभामा म्हणते, घ्या.
मग म्हणते, नका घेऊ,
निघायच्या आधीच वाईटाची पावती कशाला फाडायची.
मग भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचते
आणि माझा आजार माझ्या आधी तीच लिहून टाकते,
ठसठशीत, गोळीच्या ताकदीसकट.

खाली रकाना : वारसाचं नाव.
मी तिचं लिहायला लागलो.
ती म्हणाली, मी काय काठावर उभी राहणार आहे?

खरंच की.
आजवर ती माझी वारस, मी तिचा,
पेन्शनच्या कागदावर, बँकेत, सोसायटीच्या वहीत.
अपत्ये, या शब्दापुढं आडवी रेघ.
रेघ ओढायला एव्हाना हात सरावलेत,
पट्टीसुद्धा लागत नाही.
पण दोघं एकाच बोटीत बसलो तर
हा रकाना रेघ घेत नाही.

बराच वेळ फक्त फ्रीजचा आवाज.
मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली,
केरबा भावजी.

नऊ वर्षं.
विहीर एक, आठ-आठ दिवसांची पाळी,
मोटार जळाली ती त्याच्या पाळीत.
रिवाइंडिंगचे चौतीसशे.
सगळ्या कालव्याचं पाणी मोजणारा मी,
तिथं मला मोजता आलं नाही,
किंवा फार मोजलं.

नाव लिहिलं. नातं लिहिलं.
पुढं जन्मतारीख.
ती मला माहीत नव्हती.

नंबर तिनंच लावून दिला.
पलीकडून पहिला शब्द :
कोण गेलं?
कुणी नाही. तुझी जन्मतारीख सांग.
थोडं थांबून, शाळेतली का खरी?
कागदावर लागायलीय.
मंग शाळेतली. एक जून.
आई तर पोळ्याची कर म्हणायची.
कर कागदावर चालत नसती.

मागं मोटार चालू होती.
तीच असेल. आवाजावरून कळत होतं,
बेअरिंग जायला आलंय.

कशाला पाहिजे पण तारीख?
बोटीत बसू लालोत आम्ही दोघं.
कामून?
समुद्र बघायला.

तो काहीच बोलला नाही.
धाकटा असून, माझ्या कमरेला दोर बांधून
आईच्या चोरून त्या विहिरीत शिकवायचा मला.
एक अख्खा उन्हाळा.
मी पायरी सोडली नाही.

तुला कुठं पवता येतंय, दादा,
तो म्हणाला,
आणि ठेव म्हणायच्या आधी
बेअरिंगचं बघ म्हणालो मी,
ते त्याला ऐकू गेलं का, ठाऊक नाही.

पेनाला टोपण लावलं.
सगळे रकाने भरलेत.
मुजीबला काय सांगायचं
ते अजून आमचं ठरायचंय.